बाकड्याची पट्टी मोडली त्याचं प्रकरण, आणि भाजलेल्या लाकडाबद्दलचा माझा एक मोठा गैरसमज

मोडलेल्या पट्टीचे दोन्ही तुकडे अजून माझ्या कामाच्या टेबलावर पडलेत, आणि खरं सांगायचं तर हे सगळं लिहायला बसलोय ते त्यांच्याचमुळे. ॲश नावाच्या झाडाचं लाकूड, २० मिमी जाड, ७० मिमी रुंद, हीट ट्रीटमेंट केलेलं, म्हणजे भट्टीत भाजलेलं, पार आतपर्यंत गडद चॉकलेटी. मोडलीय कशी तर आडवी, जवळजवळ सरळ, खडू मोडतो ना तशी. साधं ॲश कधी मोडून बघितलं असेल तर तुम्हाला माहीत असेल की ते असं मोडतच नाही, आधी वाकतं, मग करकरतं, मग लांब लांब कुसळं काढत फाटतं आणि तरीही दोन तुकडे एकमेकांना धरून लोंबकळत राहतात. कुऱ्हाडीचे दांडे, हातोड्यांचे दांडे, क्रिकेटचे स्टंप या लाकडाचे करतात ते काही उगाच नाही, झटका खाऊन पचवणं हा त्याचा स्वभावच आहे. आणि मी नेमका तो स्वभाव काढून टाकलेलं लाकूड घेऊन बसायचं बाकडं बनवलं होतं.

प्रकरण असं. बागेत उघड्यावर ठेवायला एक टेबल आणि एक बाकडं, असा सेट करून दिला होता. पावसापाण्यात राहणार म्हणून हीट ट्रीट केलेलं ॲश निवडलं, दिसायलाही देखणं, आणि कुठलंही केमिकल न भरता सडण्यापासून बचाव मिळतो हे क्लायंटला फार आवडलं होतं. बाकड्याला पाच पट्ट्या, दोन टोकांना फ्रेमचा आधार, मधे मोकळं अंतर ९०० मिमी. काही महिने सगळं छान चाललं. मग एक दिवस फोन. घरातल्या पोराने बाकड्याच्या पाठीवर चढून बसायच्या जागेवर उडी मारली आणि मधली पट्टी काडकन गेली, पाय खाली गेला, नशिबाने खरचटण्यावर निभावलं. क्लायंटचं वाक्य मला अजून आठवतंय: "अहो, तुम्हीच तर म्हणाला होतात ना, भट्टीतून काढलेलं आहे, एकदम पक्कं आहे म्हणून!"

हो, म्हणालो होतो. तोच शब्द वापरला होता, पक्कं. माती भट्टीत घातली की वीट पक्की होते, लोखंड तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं, मग लाकूडही तापवल्यावर मजबूत होत असणार असं कुठेतरी डोक्यात बसलेलं असतं आपल्या सगळ्यांच्या. माझ्याही होतं, सुतारकामात इतकी वर्षं काढून.

पहिला संशय अर्थातच लाकडावर घेतला, स्वतःवर कोण घेतो. गाठ होती का, तर नव्हती. कीड? नाही. आतून सडलंय का म्हणून मोडलेल्या जागी पटाशीचं टोक खुपसून बघितलं, कडक ठणठणीत. लाकडाच्या तंतूंच्या रेषा थोड्या तिरक्या होत्या, हे खरं, पट्टीच्या काठाला समांतर न जाता हळूहळू खाली उतरत होत्या, पण साध्या ॲशमधे इतका तिरकेपणा मी डोळे झाकून चालवून घेतला असता. म्हणजे लाकूड "खराब" नव्हतं. मग दोन टोकांकडे लक्ष गेलं, तिथे स्क्रूच्या भोकापासून पट्टीच्या टोकाकडे जाणारी बारीक चीर, केसाएवढी, आणि अशी चीर न मोडलेल्या दोन पट्ट्यांनाही पडलेली. स्क्रूभोवती काळपट ओघळ आलेले ते वेगळंच. थोडक्यात एक पट्टी मोडली म्हणून बघायला गेलो आणि तीन गोष्टी निघाल्या.

आता जरा मागे जातो, कारण हे लाकूड नेमकं कशातून गेलेलं असतं ते कळल्याशिवाय पुढचं जुळणार नाही. लाकडाला उष्णता देण्याचे प्रकार बरेच आहेत आणि बोलताना आपण सगळ्याची खिचडी करतो. भट्टीत वाळवणं म्हणजे किल्न ड्राइंग, ते साधारण ५० ते ८० अंशांवर चालतं, त्यात फक्त पाणी जातं, लाकूड तेच राहतं, दमट हवेत ठेवलं की परत पाणी ओढून घेतं. वाफ देऊन वाकवणं हा दुसरा प्रकार, ओलं लाकूड १०० अंशांच्या आसपास गेलं की त्यातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना घट्ट धरून ठेवणारा घटक, मऊ पडतं, हवा तसा बाक देता येतो, थंड झालं की परत घट्ट. वरून जाळून काळं करणं हा तिसरा, त्यात फक्त कातडी बदलते. आणि हीट ट्रीटमेंट, ज्याला थर्मल मॉडिफिकेशन म्हणतात, ती या सगळ्यांपेक्षा वेगळी, १६० ते साधारण २३० अंशांवर, वाफेच्या नाहीतर नायट्रोजनच्या वातावरणात किंवा सरळ गरम तेलात, ऑक्सिजन जवळजवळ न लागू देता. इथे लाकडाची केमिस्ट्रीच बदलते, आणि ती परत येत नाही.

फिनलंडमधे व्हीटीटी या संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात यावर काम केलं आणि त्यातून थर्मोवुड नावाची पद्धत बाजारात आली, आज हे लाकूड म्हटलं की बहुतेकांना तेच नाव माहीत असतं. त्यात टप्पे तीन. आधी तापमान १०० आणि मग १३० अंशांकडे नेत लाकडातलं पाणी जवळजवळ शून्यावर आणायचं, मग १८५ ते २१५ च्या दरम्यान दोनतीन तास ठेवायचं, मग थंड करत करत वाफेने किंवा पाण्याच्या फवाऱ्याने थोडा ओलावा परत द्यायचा, ४ ते ७ टक्क्यांपर्यंत, नाहीतर ते कामाच्या लायकीचं राहत नाही. वर्ग दोन, एस आणि डी. एस म्हणजे स्टॅबिलिटी, पाइनसारख्या लाकडाला १९० अंश आणि ॲश-बर्चसारख्यांना १८५. डी म्हणजे ड्युरॅबिलिटी, तिथे २१२ आणि २००. माझ्याकडचं लाकूड डी होतं, हे मी पट्टी मोडल्यावर विचारून घेतलं. आधी विचारायला हवं होतं, आधी मी फक्त रंग बघितला होता.

मधल्या टप्प्यात आत काय होतं ते सांगतो, आणि इथे मला बांधकामाचंच उदाहरण सुचतं. लाकूड म्हणजे मुख्यतः तीन गोष्टी, सेल्युलोज ४० ते ५० टक्के, हेमिसेल्युलोज २५-३० च्या आसपास आणि लिग्निन २०-३०. सेल्युलोज म्हणजे सळया, लांब, सरळ, ताकदवान. लिग्निन म्हणजे काँक्रीट. आणि हेमिसेल्युलोज म्हणजे सळया एकमेकांना बांधायची ती बारीक तार. उष्णतेत सगळ्यात आधी कोण जातं, तर ही तार. हेमिसेल्युलोजच्या साखळ्यांना ॲसिटाइलचे गट लटकलेले असतात, ते तुटून ॲसिटिक ॲसिड तयार होतं, आणि ते ॲसिड उरलेल्या हेमिसेल्युलोजचे तुकडे करायला मदत करतं, म्हणजे एकदा सुरू झालं की आपलं आपण वेग पकडतं. सेल्युलोजचा स्फटिकासारखा घट्ट भाग बराचसा तग धरतो. लिग्निनमधे नवे जोड बनतात, ते आणखी घट्ट होतं.

आता फायदा कुठून येतो बघा. पाणी लाकडाला चिकटतं ते हायड्रॉक्सिल गटांवर, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांवर, आणि असे गट सगळ्यात जास्त आणि सगळ्यात सहज हाताला लागणारे असतात हेमिसेल्युलोजवर. तेच गेलं की लाकडाची तहानच कमी होते. बुरशीचंही आवडतं आणि पचायला सोपं खाद्य तेच, शिवाय ओलावाही नाही, म्हणजे तिचीही पंचाईत. टिकाऊपणाच्या युरोपियन मापात १ ते ५ असे वर्ग आहेत, १ म्हणजे सगळ्यात टिकाऊ, साधं ॲश त्यात ५ वर, म्हणजे तळाला. डी वर्गाची ट्रीटमेंट झाली की तेच लाकूड १ किंवा २ पर्यंत चढतं. केवढी उडी आहे ही! म्हणून तर मी ते निवडलं होतं आणि त्या बाबतीत निवड चुकली असं मला आजही वाटत नाही.

पण सळया बांधायची तार काढल्यावर स्लॅबचं काय होतं? शांतपणे वजन ठेवा, ती उभी राहते, कदाचित पूर्वीपेक्षा ताठही वाटते. हातोडा मारा, मग कळतं. लाकडात एक तंतू ताणला गेला की शेजारच्यावर थोडा भार सरकवायचा, थोडं घसरायचं, थोडी ऊर्जा तिथेच जिरवायची, हे काम ज्याच्या जोरावर चालतं तेच कमी झालेलं असतं. मग एका जागी तडा सुरू झाला की त्याला वाटेत अडवणारं कोणी नाही, तो सरळ आरपार.

आणि मी नेमका फसलो तो इथेच. माल देण्याआधी मी टेस्ट केली होती हो! एक साधी ॲशची पट्टी आणि एक भाजलेली, दोन्ही ९०० मिमीच्या आधारावर ठेवून मधे २० किलोचं वजन टांगलं आणि किती झोळ पडतो ते मोजलं, दोन्हीकडे ५ मिमीच्या आसपास. म्हटलं चला, ताकदीत काही फरक नाही, आहे तीच मापं ठेवू. ही टेस्ट चुकीची नव्हती, तिचा अर्थ मी चुकीचा काढला. मी मोजला होता ताठपणा, म्हणजे वजनाखाली किती वाकते, आणि हीट ट्रीटमेंटने ताठपणा फारसा बदलत नाही, काही वेळा किंचित वाढतोही. कोणत्या वजनाला मोडते ही वेगळी गोष्ट, ती साधारण १० ते ३० टक्क्यांनी घटते, फार तापवलं तर त्याहूनही जास्त. आणि झटका किती पचवते ही तिसरी गोष्ट, ती तर निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येऊ शकते. तीन वेगळे गुण आहेत आणि आपण तिघांनाही एकच "मजबुती" म्हणतो, हा सगळा घोळ त्या एका शब्दाचा.

पट्टी मोडल्यावर मग मी खरी टेस्ट केली, तीही अगदी गावठी. दोन्ही लाकडांच्या १० मिमी चौरस काड्या काढल्या, शिकंजात उभ्या धरल्या आणि हातोडीने आडवा फटका. साधं ॲश वाकलं, फाटलं, आणि कुसळांवर लोंबकळत राहिलं, तोडायला पिळावं लागलं. भाजलेलं, टक् असा कोरडा आवाज, आणि वरचा तुकडा उडून पार दाराजवळ. चार वेळा करून बघितलं, चारही वेळा तेच. हा आवाज मी आधी ऐकला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. तसं रंधा मारतानाच कळायला हवं होतं म्हणा, साध्या ॲशचे लांब कुरळे छिलके निघतात, याचे सुरळी व्हायच्या आत तुकडे पडतात आणि खाली भुसा पडतो तो इतका बारीक आणि कोरडा की मास्क न लावता काम केलं तर घसा दिवसभर धरतो. वास जळकट, थोडा आंबूस. लाकूड सगळं सांगत होतं, ऐकणाऱ्याचं लक्ष रंगाकडे.

थोडा हिशोबही लिहून ठेवतो, कारण "पोराच्या उडीने कसं काय मोडलं" हा प्रश्न क्लायंटने चारदा विचारला. ७५ किलोचा माणूस एकाच पट्टीच्या बरोबर मधे उभा राहिला तर या मापाच्या पट्टीत जो ताण येतो तो ३५ मेगापास्कलच्या (ताण मोजायचं एकक) जवळ. साधं वाळलेलं ॲश मोडतं १०० च्या आसपास. भाजलेलं धरा ७०-८०, त्यात रेषा तिरक्या असतील तर आणखी कमी. म्हणजे उभं राहून मोडत नाही, बरोबर. पण वजन हळू न ठेवता एकदम टाकलं की परिणाम दुप्पट होतो, आणि उंचावरून उडी म्हणजे दुपटीच्याही पुढे, पोराने गुडघे किती वाकवले यावर ते अवलंबून. तीस किलोचं पोर उडीत शंभर किलोच्या वरचं काम सहज करून जातं. साधं ॲश इथे वाकून, करकरून वेळ काढतं. याला वेळ काढताच येत नाही.

ही गोष्ट नवीनही नाही, हे मला नंतर वाचताना कळलं आणि जरा लाजच वाटली. अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत आल्फ्रेड स्टॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लाकूड वितळलेल्या धातूखाली बुडवून तापवलं होतं, म्हणजे ऑक्सिजन लागायचा प्रश्नच नाही, आणि १९४६ साली त्यावर लिहिलं, नाव दिलं स्टेबवुड. फुगणं-आकसणं कमी झालं, पण चिवटपणाही गेला, आणि ते लाकूड बाजारात काही फारसं चाललं नाही. म्हणजे मी जे बाकडं मोडून शिकलो ते कित्येक दशकं आधीच लिहून ठेवलेलं होतं.

स्क्रूचा भाग. भाजलेल्या लाकडाची फाटण्याची तयारीही वाढलेली असते, आणि स्क्रू धरून ठेवायची ताकद कमी झालेली. मी नेहमीसारखं टोकापासून २० मिमीवर, पायलट होल, म्हणजे स्क्रूसाठी आधी पाडायचं भोक, बारीक ठेवून, मशीनने स्क्रू ओढून घेतले होते आणि डोकं थोडं आत बसवलं होतं. साध्या लाकडात तंतू दबून जागा करून देतात, इथे पाचरीसारखं काम झालं. ओघळांचं कारण मघाशी सांगितलेलं ॲसिड, ते थोडंफार लाकडात उरतं, लाकूड आंबट असतं, आणि साधे जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू पावसाळी हवेत त्यात खराब होतात. यावर उपाय सोपा आणि वाद नसलेला: स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, भोक पूर्ण मापाचं, डोक्यासाठी आधीच खळगा, टोकापासून जास्त अंतर, आणि शेवटचे दोन वेढे हाताने. मशीनने नाहीच.

आता दुसरी बाजू, नाहीतर वाटेल मी या लाकडावर उखडलोय. त्याच लॉटमधलं टेबल. त्याचा माथा फळ्या जोडून केलेला, ६०० मिमी रुंद, आणि इतके महिने उन्हापावसात राहून तो एका बाजूलाही उचलला गेला नव्हता, सांध्यात फट नाही, पीळ नाही. साध्या ॲशमधे रेषांना आडव्या दिशेने ओलाव्याच्या दर एक टक्क्याला साधारण ०.२७ टक्के फरक पडतो, कोरड्या आणि दमट हवेत ओलावा ८ टक्क्यांनी खालीवर झाला तर ६०० मिमीचा माथा १३ मिमी हलतो. तेरा! भाजलेल्यात ओलाव्याचा चढउतारच निम्मा, म्हणून हलणंही निम्मं, ६ मिमीच्या आसपास. मी फ्रेमशी सोडलेल्या फटीवर पेन्सिलीने खूण करून ठेवली होती, तिच्यावरून बघितलं तर ५ मिमी निघालं. हे टेबल साध्या ॲशचं असतं तर तोपर्यंत त्याने फ्रेम ढकलून बाहेर काढली असती.

ओलाव्याचं मोजमाप करताना एक गंमत झाली ती सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. सुया टोचायचं मॉइश्चर मीटर लावलं तर ते काहीच्या काही आकडा दाखवायला लागलं, कारण त्या मीटरचं गणित साध्या लाकडावर बसवलेलं असतं आणि यात विजेचा अडथळाच वेगळा. मग जुनी पद्धत. दोन्ही लाकडांचे २० बाय ६० बाय ६० मिमीचे ठोकळे, वजन करून १०३ अंशांवर ओव्हनमधे, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत. साधं ॲश ४८.० ग्रॅमवरून ४३.१ वर आलं, म्हणजे ११ टक्क्यांहून थोडा जास्त ओलावा. भाजलेलं ४१.२ वरून ३९.२ वर, म्हणजे ५ टक्के. एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवलेले ठोकळे, एकच हवा, आणि एकाने दुसऱ्याच्या निम्मंही पाणी धरलं नव्हतं. कोरडं वजनही कमी भरलं ते दिसतंयच, त्यातलं काही तापवताना उडून गेलेल्या मालाचं, पण दोन ठोकळे दोन वेगळ्या झाडांचे, त्यामुळे त्या फरकावरून जास्त काही ओरडून सांगण्यात अर्थ नाही.

गोंदाबद्दल एकच, पाण्यातला पांढरा गोंद या लाकडात हळू शिरतो, क्लॅम्प नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेवावे लागले, घाई केली असती तर सांधे सुटले असते.

मग बाकड्याचं काय केलं. पहिला विचार असा की मधे एक आधार देऊ, ९०० चं अंतर ४५० होईल, ठेवलेल्या वजनाचा ताण सरळ अर्धा, आणि पट्टी २० ची २६ मिमी केली तर एकूण ताण तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली. कागदावर झकास. पण बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की उडीचा हिशोब इतका सरळ नाही, पट्टी जितकी आखूड आणि ताठ तितकी ती कमी वाकते, म्हणजे झटका जिरवायला तिच्याकडे जागाच कमी, आणि तेच तर आपलं दुखणं होतं. म्हणून नुसता आधार न देता पाचही पट्ट्यांखालून दोन आडव्या पट्ट्या टाकल्या, साध्या न भाजलेल्या चिवट लाकडाच्या, तेल पाजून, आणि पाचही पट्ट्या त्यांना स्क्रूने बांधल्या. आता कोणीही कुठेही उडी मारली तरी भार एकट्या पट्टीवर येत नाही, सगळ्या मिळून घेतात, आणि समजा एखादी गेलीच तरी पाय आरपार खाली जात नाही. पट्ट्यांची जाडी वाढवली, मधे फ्रेमचा आधारही दिला, आणि नवीन पट्ट्या निवडताना रेषा सरळ नसलेली प्रत्येक बाजूला काढली, खूप माल वाया गेला पण यात तडजोड नाही. त्या आडव्या पट्ट्या सडू शकतात, हो, भाजलेल्यांच्या आधीच सडतील. त्या खालून बदलता येतील अशाच लावल्यात.

क्लायंटची आणखी एक तक्रार होती, रंग उडाला. ज्या चॉकलेटी रंगावर भाळून घेतलं तो उन्हात राखाडी झाला. तो होतोच, ऊन लिग्निनला खातं, भाजलेलं असो की नसो. रंगद्रव्य असलेलं तेल देत राहिलं तर टिकतो, नुसत्या पारदर्शक तेलाने नाही. एका बाजूला सॅंडपेपर मारून दाखवला, मिलिमीटरभर खाली तोच गडद रंग, तेव्हा पटलं. मग म्हणाले, "कुंपणाचे खांबही याचेच करू या का, जमिनीत गाडून?" त्याला मी लगेच नाही म्हटलं. ओल्या मातीत कायम रुतलेल्या जागेसाठी हे लाकूड नाही, आणि वाळवीही याला काही घाबरत नाही, टिकाऊपणाचा तो वर्ग बुरशीपुरता.

आणि ज्यांच्या मनात येईल की हे घरच्या ओव्हनमधे करून बघू, त्यांनी कृपया नको. उघड्या हवेत २०० अंशांवर लाकूड म्हणजे आगीशी खेळ, त्यातून निघणारे वायू पेट घेणारे असतात, आणि आग नाही लागली तरी बाहेरून करपलेलं, आतून कच्चं, मधे फाटलेलं काहीतरी हाताला येईल. मोठ्या भट्टीत वाफेचं पांघरूण असतं ते काय शोभेसाठी नसतं.

बाकडं परत पोचवलं तेव्हा पोराने सगळ्यांसमोर परत उडी मारली. मी श्वास धरून उभा. काही झालं नाही, फक्त एक जडसा आवाज. त्यानंतर त्याच घरून झोपाळ्याच्या फळीचं काम आलं, रंग टेबलासारखाच गडद हवा होता. या वेळी मी पक्कं-बिक्कं काही म्हटलं नाही. फळी साध्या ॲशची केली आणि वर गडद स्टेन मारला, तो झोपाळा घरात टांगायचाय, पाणी लागणार नाही, आणि उड्या तर त्यावर पडणारच आहेत.